एकाच डबीत सगळे चेहरे बसत नाहीत : खापरखेड्याच्या लग्नसराईसाठी फेस पावडरचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फेस पावडर लावून दाखवली. पण व्हिडिओत हात दिसतो, त्यामागचं कारण दरवेळी सांगता येत नाही. आणि खापरखेड्याच्या बॅचमध्ये एका ताईंनी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतंच. प्रश्न असा होता : "सर, सुरुवातीला एकच चांगली पावडर घेतली तर भागत नाही का हो? सगळ्यांना तीच लावू. भांडवल कुठून आणायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. भांडवल कमी असताना प्रत्येक डबी जपून घ्यावी लागते. म्हणून आज कोणती डबी आधी घ्यायची, कोणती नंतर, आणि कोणती अजिबात घ्यायची नाही, हे नीट बघू. घरच्या घरी पार्लर सुरू करणाऱ्या, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला निघालेल्या, किंवा छोट्या जनरल स्टोअरमध्ये कॉस्मेटिकचं काउंटर टाकायचा विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी तुमचं गिऱ्हाईक कुठे राहतं ते बघा

मुंबई-पुण्याचे मेकअपचे व्हिडिओ बघून तुम्ही शिकता, ते चांगलंच आहे. पण खापरखेडा म्हणजे पुणे नाही. इथे महानिर्मितीचं १३४० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, शेजारी कोराडीचं केंद्र आहे, आजूबाजूला सिल्लेवाडा-वलनीचा कोळशाचा पट्टा आहे. हवेत धूळ असते, राख असते, बाई दिवसभर घराबाहेर राहिली की ओल्या रुमालावर काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. त्यात नागपूरचा मे महिना : पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नेमकी तेव्हाच लग्नं. अक्षय्य तृतीयेच्या पुढे तर एका दिवसात दोन-दोन ऑर्डरी येतात.

या उन्हाची एक खोड आहे. आपल्याकडचा एप्रिल-मे हा कोरडा उन्हाळा असतो. मुंबईत घाम चेहऱ्यावर ओघळतो, आपल्याकडे तो लगेच वाळतो आणि मागे मिठाचा थर सोडतो. त्यामुळे इथली त्वचा बरेचदा वरून तेलकट आणि आतून तहानलेली असते. नाक-कपाळ चकचकतं, पण गालाला हात लावला तर खरखर. अशा चेहऱ्यावर "ऑइली स्किन आहे" म्हणून भसाभस पावडर थापली, की तासाभरात गालावर पापुद्रे दिसायला लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात दमट हवा आली की गणित पुन्हा बदलतं. आणि डिसेंबर-जानेवारीत तीच बाई पूर्ण कोरड्या त्वचेची झालेली असते.

आता याचा धंद्याशी संबंध बघा. लग्न मे मध्ये, पण बुकिंग आणि ट्रायल संक्रांतीच्या सुमारास. जानेवारीच्या थंडीत तुम्ही नवरीला ट्रायल दिली, तिला ती आवडली, तुम्ही वहीत पावडरचं नाव लिहून ठेवलं. मे मध्ये तीच पावडर, तोच हात, आणि वरमाला होईपर्यंत नाकावरचा मेकअप घसरला. चूक पावडरची नाही, कॅलेंडरची आहे. म्हणून जानेवारीची ट्रायल ही फक्त शेड आणि लूकसाठी धरा. पावडर किती आणि कोणती हे ठरवायला लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी अर्धा तासाची दुसरी भेट ठेवा. त्याचे वेगळे पैसे घेऊ नका, पॅकेजमध्येच धरा.

डबीत असतं तरी काय?

आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत अंगाला लावायची टाल्कम पावडरच तोंडालाही लागते. जुने लग्नाचे अल्बम काढून बघा, नवरदेवाचा चेहरा पांढरा आणि कान सावळे! टाल्कममध्ये बहुतेक भाग टाल्क, म्हणजे ज्याला आपण शंखजिरं म्हणतो, त्याची बारीक पूड आणि वरून सुगंध. तिला रंगछटा नसते आणि ती चेहऱ्यावर धरून राहावी म्हणूनही बनवलेली नसते. म्हणून ती आधी पांढरी दिसते आणि मग घामाबरोबर उतरते.

फेस पावडरमध्ये टाल्क असू शकतं, पण सोबत इतर मंडळी असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. केओलिन म्हणजे पांढरी माती, आणि मक्याचं किंवा तांदळाचं स्टार्च, हे तेल-घाम शोषतात. सिलिका तर फारच शोषते. मॅग्नेशियम किंवा झिंक स्टिअरेट पावडर त्वचेला चिकटून ठेवतं. टायटॅनियम डायऑक्साइड झाकण्याचं काम करतं, आणि तेच जास्त झालं तर चेहरा पांढरट दिसतो. आयर्न ऑक्साइड लाल, पिवळं आणि काळं असतं, त्यांच्या मिश्रणातून शेड तयार होते. माइकामुळे हलकी चमक येते.

हे पाठ करायची गरज नाही. पण डबीच्या मागची घटकांची यादी वाचायची सवय लावा. यादीत जे आधी, ते साधारणपणे जास्त. सिलिका किंवा स्टार्च वर असेल तर ती तेलकट चेहऱ्याची मैत्रीण. माइका वर असेल आणि तेलाचे एक-दोन घटक असतील तर ती कोरड्या त्वचेला बरी. दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा ही यादी जास्त खरं सांगते.

प्रकार तीनच लक्षात ठेवा. लूज पावडर, म्हणजे सुटी : मेकअप बसवायला, सेट करायला. कॉम्पॅक्ट, म्हणजे दाबून बसवलेली : पर्समध्ये ठेवायला, टच-अपला. हिच्यात बांधून ठेवण्यासाठी थोडा तेलाचा अंश असतो, त्यामुळे थरावर थर दिले की जड दिसते. आणि तिसरी ट्रान्सल्युसंट, जी रंग देत नाही असं म्हणतात. "म्हणतात" असं मुद्दाम लिहिलं, कारण सावळ्या चेहऱ्यावर जास्त लावली तर तीही राखाडी दिसते.

त्वचा ओळखायची कशी?

गिऱ्हाइकाला विचारू नका. दहातल्या आठ बायका "माझी स्किन ऑइली आहे" असंच सांगतात, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचंच नाक चमकतं. त्यापेक्षा साध्या फेसवॉशने तोंड धुवायला सांगा, काहीही लावू देऊ नका, आणि पाऊण तास गप्पा मारा. (या पाऊण तासात तुम्हाला लग्नाचं ठिकाण, मुहूर्त, साडीचा रंग, सासूबाईंचा स्वभाव, सगळं कळतं. हा वेळ वाया जात नाही.) मग टिश्यू पेपरचे चार तुकडे घ्या आणि कपाळ, नाक, गाल, हनुवटी यांवर दाबा.

चारही तुकड्यांवर तेलाचे डाग : तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटीच्या तुकड्यांवर : मिश्र. एकावरही नाही आणि गाल ओढल्यासारखे वाटतात : कोरडी. डाग असो-नसो, पण धुतल्यावर लाली आली, खाज आली, तर नाजूक. हे निदान वहीत लिहा, आणि शेजारी महिना लिहा. महिना लिहायला विसरू नका.

तेलकट चेहरा

सगळ्यात जास्त काम इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, पावडर हा तेल पुसायचा फडका नाही. चेहऱ्यावर आधीच तेल आणि घाम असताना पावडर लावली तर लगदा होतो. आधी टिश्यूने दाबून टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं. मग हलकं, पाण्यासारखं मॉइश्चरायझर लावा. हो, तेलकट चेहऱ्यालाही लावायचं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते वगळलं तर त्वचा ओढली जाते आणि वरचा मेकअप भेगाळतो. फाउंडेशन पातळ ठेवा, कारण पावडर जाड थर तोलू शकत नाही.

आता पफ. लूज पावडर डबीच्या झाकणात थोडी काढा, पफ त्यात बुडवा, पफ दुमडून आपसात चोळा, मग हाताच्या मागच्या बाजूला एकदा दाबा. पफवर पावडर "दिसत" नसली पाहिजे, पफच्या आत गेली पाहिजे. मग नाकाच्या बाजूपासून सुरुवात करा : दाबा आणि किंचित फिरवा, दाबा आणि फिरवा. नाक, नाकाच्या बाजूच्या घड्या, दोन भुवयांच्या मधला भाग, वरचा ओठ, हनुवटी. गालाला सगळ्यात शेवटी, पफमध्ये जे उरलंय तेवढंच. मग मोठ्या मऊ ब्रशने वरून खाली झाडून घ्या. खालच्या दिशेने का, तर चेहऱ्यावरची बारीक लव खालच्या दिशेने असते. उलट झाडलं तर पावडर लवेत अडकते आणि कडेच्या उन्हात चेहरा पीठ लागल्यासारखा दिसतो.

'बेकिंग' नावाचा प्रकार तुम्ही रील्समध्ये बघितला असेल : डोळ्याखाली पावडरचा जाड थर ठेवायचा, पाच-दहा मिनिटांनी झाडायचा. स्टुडिओच्या एसीत ठीक आहे. खापरखेड्यात, मंडपात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला, माझं मत विचाराल तर करू नका. डोळ्याखालची त्वचा आपल्याकडे आधीच सुकलेली असते. जाड थराने तिथे सुरकुत्या उठून दिसतात आणि बावीस वर्षांची पोरगी पस्तिशीची वाटते.

आणि कूलर! विदर्भातल्या मेकअपबद्दल पुस्तकात हे कोणी लिहीत नाही. नवरीच्या खोलीत कूलर असतोच, आणि सगळे प्रेमाने तिलाच कूलरसमोर बसवतात. कूलरची हवा ओली असते. त्या झोतात पावडर लावली की ती जागोजागी ओल धरते, ठिपके पडतात. शिवाय तुमची डबीतली महागडी लूज पावडर उडून खोलीभर होते. कूलर बंद करायला सांगू नका, कोणी ऐकणार नाही. नवरीला झोताच्या बाजूला, पाठ करून बसवा. पावडर लावायच्या पाच मिनिटांपुरता पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवता येतो, तेवढं घरातल्या भाऊंना सांगा.

कोरडा, मिश्र, नाजूक

कोरड्या चेहऱ्याला पावडर कमी लागते, हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं. "पैसे घेतले आणि पावडर पण नीट लावली नाही" असं मागून बोललं जातं. म्हणून लावताना सांगत जा : तुमच्या गालाला गरज नाही, म्हणून लावत नाहीये. मॉइश्चरायझर लावून आठ-दहा मिनिटं थांबा, ते मुरू द्या. मग फुलवलेल्या मऊ ब्रशने, पफने नाही, फक्त डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला हलका हात. बारीक दळलेली, माइकाची हलकी चमक असलेली पावडर घ्या. तांदळाच्या स्टार्चच्या पावडरी इथे टाळा. नवरीची आई, मावशी, आत्या यांचा मेकअप बरेचदा याच पद्धतीने करावा लागतो. हसल्यावर जिथे रेषा पडतात तिथे पावडर साचते. म्हणून आधी त्यांना मोठ्याने हसायला लावा, रेषा बोटाने सपाट करून घ्या, मगच पावडर.

मिश्र त्वचेला दोन पावडरी लागत नाहीत, दोन मापं लागतात. नाक-कपाळाला पफ, गालाला ब्रश. झालं.

नाजूक त्वचेचं मात्र हलक्यात घेऊ नका. बिनसुगंधी पावडर निवडा. कानाच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आली तर ती पावडर त्या बाईसाठी बाद. पिकलेली मुरमं किंवा ओली जखम असेल तर त्यावर पावडर नको, डॉक्टरांकडे पाठवा. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल सगळं एकदम उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा. सोललेल्या त्वचेवर दुसऱ्या दिवशी कोणतीही पावडर चरचरते. दोन-तीन दिवस आधी हे सगळं आटोपायला सांगा.

आणि पफ प्रत्येकीचा वेगळा. एकीची मुरमं दुसरीला द्यायची नसतील तर हा नियम पाळाच. वापरलेले पफ सौम्य शाम्पूने धुऊन सावलीत, हवेशीर वाळवा. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि वास धरतात, म्हणून जुलै-ऑगस्टसाठी दुप्पट पफ ठेवा. ब्रशवरची जास्तीची पावडर तोंडाने फुंकून उडवायची सवय असेल तर आजपासून बंद.

शेड : इथेच धंदा टिकतो किंवा बसतो

आता जरा स्पष्ट बोलतो. आपल्या भागात पावडर म्हणजे "गोरं करायची वस्तू" अशी समजूत आहे. नवरीची काकू खोलीत येऊन म्हणते, "अजून थोडी लाव ना वं, पोरगी गोरी दिसली पाहिजे." आणि नवीन मेकअपवाली घाबरून दोन शेड उजळ पावडर थापते. खोलीत बल्बच्या उजेडात सगळ्या वाहवा करतात. मंडपात उन्हात आली की चेहरा राखाडी, मान सावळी, हात तिसऱ्याच रंगाचे. फोटो चाळीस वर्षं भिंतीवर राहतो. पोरीला आयुष्यभर कळतं की आपल्याला आपल्या रंगासकट कोणी उभं केलं नाही.

हे भावनिक म्हणून बाजूला ठेवा, व्यवहार म्हणूनही बघा. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' या इतक्या वर्षांच्या नावातून कंपनीला 'फेअर' शब्द काढावा लागला, 'ग्लो अँड लव्हली' झालं. एवढी मोठी कंपनी बाजाराचा वारा बघून नाव बदलते, तर आपण गावात जुनंच कशाला विकायचं? आजची विशीतली मुलगी तुम्हाला "नॅचरल दिसू दे" असंच सांगते. काकू एकदा बोलून जाते, पुढची ऑर्डर त्या मुलीच्या मैत्रिणी देतात.

शेड बघायची जागा हाताचा पंजा नव्हे. हात उन्हाने काळवंडलेला असतो. जबड्याची कड, जिथे चेहरा संपून मान सुरू होते, तिथे तीन शेडच्या तीन रेघा ओढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. पण लगेच ठरवू नका, वीस मिनिटं थांबा. तेल मिसळल्यावर बऱ्याच पावडरी थोड्या गडद होतात. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या रंगात बहुतेक वेळा पिवळसर छटा असते, म्हणून गुलाबी छटेची पावडर उपरी दिसते. 'बनाना पावडर' म्हणून जी पिवळसर पावडर मिळते, ती डोळ्याखालच्या काळसरपणावर छान काम करते. पण फारच सावळ्या चेहऱ्यावर तीही उजळ पडते. तिथे गडद, तांबूस-सोनेरी छटेची पावडर लागते आणि ती गावातल्या दुकानात मिळत नाही. नागपूरहून आणून ठेवा. ज्या रंगाची पावडर गावात कोणाकडेच नाही ती तुमच्याकडे आहे, हे एवढं कळलं तरी गिऱ्हाईक चालत येतं.

एक गोष्ट नवीन मंडळी हमखास विसरतात : हळद. आदल्या दिवशी हळद लागली की चेहऱ्यावर पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही राहतो. त्या पिवळ्या चेहऱ्यावर शेड जुळवायला गेलात तर सगळंच चुकतं. शेड हळदीच्या आधीच ठरलेली आणि वहीत लिहिलेली हवी. लग्नाच्या सकाळी आधी क्लिन्झिंग मिल्कने किंवा थोड्या खोबरेल तेलाने हळद उतरवा, केसांची कड, कानामागची जागा, मान सगळीकडे. मग फेसवॉश. तेल राहिलं तर पावडर टिकणार नाही.

दुसरी गोष्ट, कपडे. नागपूर जिल्ह्यात बौद्ध पद्धतीची लग्नं भरपूर. तिथे नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढऱ्या साडीशेजारी चेहऱ्यावरचा जरासा पांढरटपणाही उठून दिसतो. अशा लग्नात पावडर आणखी कमी आणि शेड अगदी अचूक लागते. पिवळ्या शालूत थोडं खपून जातं, पांढऱ्यात नाही.

तिसरी, फ्लॅश. काही पावडरी, विशेषतः ज्यांत सिलिका किंवा टायटॅनियम जास्त असतं, डोळ्यांना ठीक दिसतात पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये डोळ्याखाली पांढरे चट्टे उमटतात. हे टाळायचा उपाय फुकट आहे : ट्रायलच्या दिवशी खोलीत अंधार करा, मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. चट्टा दिसला तर ती पावडर संध्याकाळच्या रिसेप्शनला वापरायची नाही. आणि फोटोग्राफर भाऊशी ओळख ठेवा. गावात तो आणि तुम्ही एकाच गिऱ्हाइकाच्या दोन बाजू आहात.

खरेदी : इथे पैसे वाचवायला जाऊ नका

सीताबर्डीत फिरा, इतवारीत होलसेलचा भाव विचारा, जरूर विचारा. पण नामांकित ब्रँडची डबी अर्ध्या किमतीत मिळत असेल तर आनंद होण्याआधी डबी उलटी करा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, घटकांची यादी, भारतात बनली असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, आयात केलेली असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. हे लेबलवर असायला हवं. नसेल तर परत ठेवा. बिल मागा. बिल द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडचा माल तुमच्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नको. किलोवर मिळणारी बिनलेबलची "पार्लर पावडर" तर घेऊच नका, तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

टाल्कबद्दल बातम्या वाचून काही जणी विचारतात. थोडक्यात सांगतो. टाल्क हे खनिज आहे, आणि खाणीत ते कधी कधी अॅस्बेस्टॉसच्या शेजारी सापडतं, हा मूळ काळजीचा मुद्दा. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला "माणसात कर्करोग होण्याची बहुधा शक्यता" या गटात टाकलं. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ पासून जगभर बेबी पावडरमधलं टाल्क बंद करून मक्याचं स्टार्च आणलं. याचा अर्थ घरातली डबी आजच फेका असा नाही. पण तुम्ही दिवसाला पाच-सहा चेहरे करणार असाल तर ती धूळ गिऱ्हाइकापेक्षा तुमच्या नाकात जास्त जाते. म्हणून मास्क लावा, पावडर हवेत उडेल असं काम करू नका, लहान बाळ मांडीवर घेतलेल्या बाईला बाळ बाजूला द्यायला सांगा. टाल्क नसलेल्या पावडरी आता सहज मिळतात, पुढची डबी घेताना तो पर्याय बघा.

काही जणी बचत गटातून स्वतःची पावडर बनवून विकायचा विचार करतायत : तांदळाचं पीठ, मुलतानी माती, गुलाबपाकळ्या. कल्पना गोड आहे. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला, भरायला आणि आपलं लेबल लावायला 'कॉस्मेटिक्स रूल्स २०२०' प्रमाणे परवाना लागतो, आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. "घरगुती आहे, नैसर्गिक आहे" ही सबब चालत नाही. स्वतःचा ब्रँडच हवा असेल तर ज्याच्याकडे परवाना आहे अशा उत्पादकाकडून बनवून घेण्याचा रस्ता आहे. पण ते दुसऱ्या वर्षाचं काम. पहिल्या वर्षी हात बसवा.

आता पैशांचं बोलू

समजा वीस ग्रॅमची लूज पावडर ६०० रुपयांना आली. एका चेहऱ्याला, सांडलवंड धरून, अर्धा ग्रॅम लागते. म्हणजे चाळीस चेहरे, चेहऱ्यामागे १५ रुपये. पफ १० रुपयांचा आणि तो नवरीलाच देऊन टाकला, तर २५ रुपये. तुमच्या पॅकेजमध्ये पावडरीचा खर्च एवढाच आहे! मग ६०० ऐवजी १५० ची बिनलेबल डबी घेऊन तुम्ही चेहऱ्यामागे वाचवता किती? अकरा रुपये. आणि पणाला काय लावता? खापरखेडा, चनकापूर, सिल्लेवाडा, वीज केंद्राची कॉलनी, इथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या लग्नाला जातो. एक चेहरा बिघडला की ते तीनशे पाहुण्यांसमोर बिघडतं.

तर त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर : एका डबीत नाही भागत, पण दहाही लागत नाहीत. सुरुवातीला चार. तेल शोषणारी एक बिनरंगी लूज पावडर. दोन रंगीत लूज पावडरी, एक गव्हाळ आणि एक सावळ्या छटेची. या दोन मिसळून मधल्या बऱ्याच शेड करता येतात, मिसळायची ती स्टीलच्या छोट्या वाटीत, एका वेळेपुरती. आणि चौथी, बिनसुगंधी, नाजूक त्वचेसाठी. टच-अपचा कॉम्पॅक्ट तुम्ही विकत घेऊन ठेवू नका, ट्रायलच्या दिवशी शेड लिहून द्या आणि नवरीलाच घ्यायला सांगा. तुमचं काउंटर असेल तर तोच तुमच्याकडून विका.

या चार डब्या, पफ-ब्रश, टिश्यू, क्लिन्झर मिळून सुरुवात बचतीतूनही होते. खुर्ची-आरसा-लाइटसकट नीट मांडायचं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. बँकेत जाताना डब्यांची बिलं आणि झालेल्या ऑर्डरींची वही सोबत न्या. ज्या वहीत तुम्ही त्वचा आणि महिना लिहिताय, तीच वही. तुमच्याकडे काम आहे हे त्यातून दिसतं.

वर्षभराचं कामही फक्त लग्नाचं नाही. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला अख्खा परिसर नटून निघतो, गरबा असतो. जानेवारीत हळदी-कुंकू आणि शाळांची स्नेहसंमेलनं. लहान मुलांच्या चेहऱ्याला मात्र पावडर नावापुरती, आणि डोळे-नाक सांभाळून. शिवाय नवरदेव! त्याला कोणी विचारत नाही. घामाने डबडबलेला, वरातीत नाचून आलेला, आणि फोटोत नवरीशेजारी चमकणारं कपाळ. "नवरदेव टच-अप, पंधरा मिनिटं" असं पॅकेजमध्ये लिहा. टिश्यूने टिपा, बिनरंगी पावडर कपाळ-नाकाला दाबा, दाढीच्या केसांत पावडर जाऊ देऊ नका, कानाच्या पाळ्या आणि मान तपासा. तोही खूश, फोटोग्राफर त्याहून खूश.

शेवटचं काम, निघण्यापूर्वीचं. नवरीची करवली कोण आहे ते विचारा आणि तिला बाजूला घ्या. तिच्या हातात एक छोटी झिपची पिशवी द्या : आठ-दहा टिश्यू, कॉम्पॅक्ट, स्वच्छ पफ. तिच्याकडून एकदा करून घ्या : आधी टिश्यू दाबायचा, घाम पूर्ण टिपायचा, दहापर्यंत मोजायचं, मगच पफ, तोही फक्त नाक, वरचा ओठ आणि हनुवटीला. गालाला हात लावायचा नाही. आणि काकूने "अजून थोडी लाव" म्हटलं, तर "मेकअपवाल्या ताईंनी नाही म्हटलंय" असं सरळ तुमचं नाव सांगायचं.